गोव्यातल्या घराला सौर वीज: जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवून

आमच्या फोंडा तालुक्यात सौर पॅनेल विकणारे बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये दारात येतात. आभाळ निरभ्र असते, ऊन कडक असते आणि अंगणात उभे राहून ते छपराकडे बोट दाखवत हिशेब मांडतात: एका किलोवॉटला दिवसाला पाच युनिटे, तीन किलोवॉटला पंधरा, बिल शून्य. हा हिशेब मार्चपुरता फारसा चुकीचा नसतो. पण घर बारा महिने चालवायचे असते आणि त्यातले चार महिने आपल्याकडे पावसाचे. माझ्या छपरावर तीन किलोवॉटचा संच आहे. एप्रिलमध्ये तो ४०० च्या आसपास युनिटे देतो. जुलैत २०० चा आकडा ओलांडला तरी मी खूश असतो. वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटे धरावीत, त्याहून जास्त धरू नयेत.

म्हणून या वाटेला नव्याने लागणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की पॅनेल किती घ्यायचे, बॅटरी घ्यायची की नाही, छपराला काय जोडायचे, हे सगळे जुलै धरून ठरवा.

आधी वही, मग छप्पर

गेल्या बारा महिन्यांची वीजबिले शोधा आणि महिन्यागणिक युनिटे लिहून काढा. रुपये लिहू नका, युनिटेच लिहा. गोव्यात घरगुती विजेचा दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा कमी आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने ‘चार वर्षांत पैसे वसूल’ म्हटले म्हणून ते इथे तसेच होईल असे नाही. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे जाळणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला मी पॅनेलची घाई करायला सांगत नाही. एसी आहे, पंप आहे, शिकणारी मुले आहेत आणि बिल तीनशे युनिटांच्या वर जाते, तिथे गोष्ट वेगळी.

मग घर मोजा. मी आणि माझा पुतण्या एका रविवारी मीटरसमोर बसलो. घरातली सगळी उपकरणे बंद केली, मग एकेक चालू करत गेलो. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास चालणाऱ्या घरात एवढ्या बदलाने महिन्याला ऐंशी युनिटे वाचतात, म्हणजे पाऊण किलोवॉट पॅनेलचे काम पंख्यांनीच केले. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट, दोन किलोवॉटचा गिझर तासभर विसरला की दोन युनिटे. आमच्याकडचा खरा चोर मात्र यांपैकी कोणी नव्हता. संडासातली फ्लशची टाकी थेंबथेंब गळत होती, त्यामुळे वरची टाकी रिकामी व्हायची आणि विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप दिवसातून तीनदा चालायचा. चाळीस रुपयांचा वॉशर बदलला आणि पंप एका वेळेवर आला.

हे करून जो खर्च उरेल तो तुमचा खरा खर्च. संच त्याच्या मापाचा घ्यायचा.

न्हाणीतली ऊर्जा

गोव्याच्या जुन्या घरांत पर्यायी ऊर्जा आधीपासून आहे. न्हाणीतले पाणी तापवायचे तांब्याचे भाण, त्याखाली चुडते म्हणजे माडाच्या झावळ्या, करवंट्या आणि सोडणे म्हणजे नारळाची सुकी सालपटे. ज्यांच्या भाटात, म्हणजे बागायतीत, माड आहेत आणि न्हाणीला धूर जायला वाट आहे, त्यांनी ती चूल मोडू नये असे मला वाटते. आमच्याकडे सौर बंब बसवला तेव्हा आईची तक्रार होती, ‘पाण्याला धुराचा वास नाही, हे कसले न्हाणे?’

१०० लिटरचा सौर बंब वर्षाला सुमारे १५०० युनिटे वाचवतो असे केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे जुने गणित आहे. पण आपले नळाचे पाणी मुळात थंडगार नसते. एक मोठी बादली न्हाण्याइतकी गरम करायला इथे साधारण अर्धा युनिटही लागत नाही. आणि ज्या पावसाळी महिन्यांत सगळ्यांना कढत पाणी हवे असते, त्याच महिन्यांत बंब कोमट देतो आणि आतली विजेची कॉइल चालू करावी लागते. छोट्या कुटुंबाने बंबाचे पैसे पॅनेलकडे वळवले तरी चालेल. पाच-सात माणसांचे घर किंवा पाहुणे ठेवणारे घर असेल तर बंब घ्या.

सावली, माड आणि नारळ

आता छपरावर. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा धरा. पाचशे-साडेपाचशे वॉटचे एक पॅनेल सात फुटांहून लांब आणि पावणेचार फूट रुंद असते, वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार दहा ते पंधरा अंश ठेवतात. अगदी आडवे ठेवू नका. पावसाचे पाणी वाहून जाताना घाण घेऊन गेले पाहिजे.

सावली तपासायला डिसेंबरचा दिवस धरा. २१ डिसेंबरला गोव्यात भर दुपारी सूर्य ५१ अंशांवरच असतो. पंधरा मीटर उंच माडाची सावली तेव्हा बारा मीटर पडते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब. उन्हाळ्यात उलटे होते: मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे घरामागचा फणसही हिशेबात येतो. पॅनेले एकामागे एक माळेसारखी जोडलेली असतात. त्यातल्या एकावर चुडताची सावली पडली तरी ते सगळी माळ मागे ओढते. जागा नाहीच बदलता येत, तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणारे छोटे यंत्र, लावतात. महाग पडते, पण माडांच्या घरात ते पैसे वाया जात नाहीत.

आणि सावलीपेक्षा वाईट म्हणजे खुद्द नारळ. पॅनेलची काच गारा सोसते, चाळीस फुटांवरून पडणारा नारळ सोसेलच याची हमी नाही. छपराशेजारच्या माडाचे नारळ वेळच्या वेळी पाडून घ्या. पाडेली मिळत नाही ही तक्रार खरी आहे, तरी. सत्तरी-सांग्याच्या बाजूला माकडांचाही विचार करावा लागतो.

छपराच्या प्रकाराप्रमाणे काम बदलते. स्लॅब असेल तर तो भोसकू देऊ नका. सिमेंटचे ठोकळे वजनाला ठेवून त्यांवर सांगाडा उभा करता येतो, किंवा भोक पाडलेच तर तिथे रासायनिक अँकर आणि वरून गळतीरोधक लेप हवा. स्लॅबवर पावसासाठी पत्रे घातलेले असतील, तर पत्र्याखालचे लोखंड आधी गंजलेले नाही ना ते पाहा. पॅनेल पंचवीस वर्षांचे आणि खालचा पाइप पाच वर्षांचा, अशी जोडी मी दोन ठिकाणी पाहिली आहे. मंगळुरी कौलांच्या घराला मी स्पष्ट नको म्हणतो. वजनापेक्षा तिथे चढणे-उतरणे हीच अडचण. दरवेळी दहा कौले फुटतात आणि जूनमध्ये माजघरात पातेली मांडावी लागतात. शिवाय सोसाट्याचा वारा पॅनेलला खालून उचलतो आणि जुने वासे-रिपा तो ताण घेत नाहीत. गोठा, गाडीची शेड, नाहीतर अंगणाबाहेरची उघडी जागा शोधा.

वीज गेली की सौर वीजही जाते

नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या वाड्यावर तीन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. शेजारच्या छपरावर सौर पॅनेल धड होते, तरी घरात काळोख. शेजारी माझ्याकडे मेणबत्ती मागायला आले आणि दोष माझाच असल्यासारखा मी खजील झालो, कारण संच घ्या म्हणून मीच मागे लागलो होतो.

कारण सरळ आहे. ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडतो. तो बंद पडला नाही तर तुमची वीज उलटी तारांत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. अंधारात वीज हवी असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

बॅटरी घ्यायची का? गावात वीज तास-दोन तास जात असेल तर घरात आधीच असलेला, ग्रिडवरून बॅटरी भरणारा नेहमीचा इन्व्हर्टर पुरतो. १५० अँपिअर-आवर, १२ व्होल्टच्या ट्यूबलर बॅटरीत १.८ युनिटे मावतात, त्यातले एक युनिट हक्काने वापरावे; तीन बीएलडीसी पंखे आणि चार दिवे त्यावर सात-आठ तास चालतात. दिवस-दिवस वीज जाणाऱ्या कोपऱ्यात, किंवा घरात ऑक्सिजन मशीनवरचे माणूस असेल तिथे, लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. बाकीच्यांनी ते पैसे ठेवून द्यावेत. ग्रिड हीच स्वस्त बॅटरी आहे: मार्चमधली जास्तीची युनिटे नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जमा होतात आणि पुढच्या बिलांत वळती होतात. ती किती काळ पुढे नेता येतात आणि वर्षअखेरीस हिशेब कसा मिटतो, हे वीज खात्याच्या आपल्या उपविभागात जाऊन विचारून घ्या, कारण आपली शिल्लक पडते उन्हाळ्यात आणि गरज पडते पावसात.

कागदपत्रे, म्हणजे आजोबांचे नाव

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत अनुदान असे आहे: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,०००, आणि त्याहून मोठा संच घेतला तरी तेवढेच. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान ठरवताना केंद्राने पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० असा खर्च धरला होता. खारट हवेला टिकणारा सांगाडा आणि उंच मांडणी मागितली की प्रत्यक्षातले दरपत्रक त्याच्या वर जाते, हे मनाशी धरून चाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर नवे मागा.

क्रम असा: योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून नोंदणी, यादीतल्या नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, बसवणी, नेट मीटरचा अर्ज, तपासणी, आणि सगळे चालू झाल्यावर अनुदान थेट तुमच्या बँक खात्यात. २०२४ च्या नियमबदलाने १० किलोवॉटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सौर सेलचेच पॅनेल लागते. तेव्हा दरपत्रकावर ‘डीसीआर’, म्हणजे देशी बनावटीची खूण, लिहिलेले आहे का ते पाहा.

ऐकायला सोपे आहे. गोव्यात अडते ते नावावर. घर वडिलोपार्जित, बिल अजून आजोबांच्या नावाने, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली, एक काका मुंबईत, आत्या लिस्बनला. अर्जदाराचे, बिलावरचे आणि बँक खात्यावरचे नाव जुळले पाहिजे. म्हणून पॅनेलची चौकशी करण्याआधी बिलावरचे नाव बदलून घ्या आणि घराच्या वाटेकऱ्यांची ना हरकत लेखी घ्या. आमच्या घरी पॅनेल बसायला दोन दिवस लागले, नाव बदलायला पाच महिने.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःचे छप्पर नसते. पण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचे चार्जिंग यांसाठी, किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. विषय सर्वसाधारण सभेत मांडा.

बसवणीच्या दिवशी खिशात लोहचुंबक

खारा वारा किनाऱ्यापुरता राहत नाही, खाड्यांमधून तो बराच आत येतो. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा नाहीतर अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमचा हवा. नुसता चंदेरी रंग मारलेला चालणार नाही. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. इथे लोहचुंबक कामी येतो: ३०४ किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेसला तो जवळजवळ चिकटत नाही, साध्या बोल्टला टपकन चिकटतो. आमच्याकडच्या कारागिराच्या डब्यात दोन्ही जातींचे बोल्ट एकत्र होते. मी चुंबक फिरवला, एक मूठभर बोल्ट त्याला लटकले. तो हसला आणि म्हणाला, ‘मास्तर, हे दुसऱ्या साइटचे.’ असतीलही. पॅनेलच्या माहितीपत्रात खाऱ्या हवेच्या चाचणीचा, आयईसी ६१७०१ चा, उल्लेख शोधा.

अर्थिंग तीन वेगळी हवीत: पॅनेलच्या बाजूचे, घराच्या विजेच्या बाजूचे आणि आभाळातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचे. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग धरत नाही. खड्डा केळी किंवा न्हाणीच्या पाण्याजवळ, ओल राहील असा घ्या. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात याची किंमत कळते. दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे दाबाचा अचानक झटका अडवणारे उपकरण, आहे ना, तेही पाहा.

इन्व्हर्टर पागोळीखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात नको. वायरींची भोके बुजवून घ्या, पाली आणि मुंग्या आत शिरून तो जाळतात. पॅनेलचे अनुक्रमांक स्वतः लिहून ठेवा, फोटो काढा. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, ती कागदावर मागा. आणि शेवटचा हप्ता नेट मीटर फिरू लागेपर्यंत हातचा ठेवा.

गॅस, वारा आणि बाकीचे

बायोगॅस गोव्याला मानवतो, कारण इथे थंडीने गॅस बनवणारे जंतू सुस्तावत नाहीत. शेणावरच्या संयंत्राला एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो शेण लागते आणि तेवढा गॅस साधारण ४३० ग्रॅम एलपीजीच्या बरोबरीचा. आता गोठ्यात एवढी गुरे कुठे आहेत? म्हणून ओल्या कचऱ्यावरचे छोटे संयंत्र बरे. सुरुवातीला दोन-तीन आठवडे शेणाचा काला घालून जंतू रुजवायचे, मग भात, पेज, भाकरीचे तुकडे, केळीच्या साली थोड्या थोड्या वाढवत न्यायच्या. माशांची आतडी-डोकी मूठभर चालतात. टोपलीभर घातली तर अमोनियाचा वास सुटतो आणि गॅस थांबतो. खवले-काटे तर तसेच तळाशी बसतात. लिंबाच्या साली, सोलांचे उरलेले आंबट पाणी अजिबात नको. बाहेर पडणारी मळी माडाला, केळीला घाला. मोठ्या प्रमाणावर हे कसे चालते ते पाहायचे असेल तर साळगावचा कचरा प्रकल्प आहे, तिथे २०१६ पासून ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज होते.

पवनचक्कीचे कोणी सांगितले तर नमस्कार करून सोडून द्या. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याची शक्ती एक-अष्टमांश होते, आणि घरांच्या-माडांच्या मध्ये आपल्याला मिळतो तो तुटका वारा.

मेमधली सोले, पापड, सुके बांगडे यांसाठी काच लावलेली वाळवणाची पेटी सुताराकडून करून घेता येते. माशा बसत नाहीत, वळवाचा पाऊस आला तरी धावपळ नाही. स्वयंपाक इंडक्शनवर नेणार असाल किंवा विजेची स्कूटर घेणार असाल, तर संच ठरवतानाच ते धरा. स्कूटर एका युनिटात पंचवीस-तीस किलोमीटर जाते. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, बहुतेक वीज राज्याबाहेरून तारांनी येते, आणि तरीही राज्याने २०५० पर्यंत सगळी वीज नवीकरणीय करायचे ठरवले आहे. तेवढ्यासाठी घरोघरची छपरे लागतीलच.

वर्षभराची निगा

मेच्या शेवटी, छपरावर शेवाळ धरायच्या आत, नट आवळून घ्या, वायरी पाण्यात लोंबत नाहीत ना पाहा, जवळच्या फांद्या छाटा. पावसात वर चढू नका, पाऊसच धुतो. डिचोली-सत्तरीत खाणमालाच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी तांबडी धूळ काढावी लागते, इतरांना महिन्यातून एकदा पुरे. सकाळी लवकर, साधे पाणी आणि मऊ फडके. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये.

दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचे दोन्ही आकडे लिहा: किती घेतली, किती दिली. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. जूनशी मार्चची तुलना करून घाबरणारे बरेच भेटतात. आमची वही मीटरपेटीच्या खिळ्याला सुतळीने बांधली आहे. पेन मात्र दर महिन्याला नवे शोधावे लागते.